श्वास धरा

"श्वास घ्या... धरा!"

पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने श्वास धरला. कॅमेऱ्याचा खटका वाजला आणि मग सकाळी टेकडीवर येणाऱ्या सगळ्यांना पाठ झालेला तो शब्द आला. "सोडा."

फिरायला येणारी मंडळी त्याला 'धरासोडा काका' म्हणत. इस्पितळात लोकांच्या छातीचे एक्स-रे काढण्यात त्याचा जन्म चालला होता, आणि फुलाचा फोटो काढतानाही तो आधी फुलाला श्वास धरायला लावतो, अशी त्याची चेष्टा चालायची. एरवी बायकोला अगं-तुगं करणारा हा गृहस्थ कॅमेरा डोळ्याला लागला की तिलाही अहो-जाहो करायचा. त्यामुळे घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत ती छाती भरून, खांदे पुढे काढून उभी होती. बारशाच्या फोटोतसुद्धा.

"मस्त आला," तो म्हणाला. "चल, उतरूया."

अर्ध्या वाटेवरच्या या टाकीपासूनच परत फिरायचं हा तिच्या आजारपणानंतरचा नियम. अर्थात त्यानेच केलेला. तिच्या उजव्या फुप्फुसावर डाग निघाला होता. औषधं झाली, आणि आता उद्या पुन्हा एक्स-रे होता. डाग गेला की राहिला, ते उद्या कळणार होतं.

"आज वर जायचं," ती म्हणाली.

"उद्या एकदा कळू दे. मग जाऊ की."

"उद्या निघायचं ते निघू दे. मला आज जायचंय."

"धाप लागेल तुला."

"लागू दे. धाप लागावी म्हणूनच माणसं टेकडीवर येतात ना?"

ती शाळेत खेळाची बाई होती. याच वाटेने शिट्टी फुंकत मुलींना पळवत न्यायची. तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही हे त्याला संसारात फार लवकर कळलं होतं, तरी तो क्षणभर वाट अडवून उभा राहिला. तिने त्याला हलकेच बाजूला केलं आणि ती चालू लागली.

तो मागून निघाला. तिला धरायचं नाही, पण पडली तर धरता यावी, अशा बेताने एक हात पुढे काढून. वळणावर तिने झाडाला टेकून खोकून घेतलं. तो कान देऊन ऐकत राहिला. पुढे तिच्या पाठीवर घामाने कपडा चिकटला होता, पण त्याला पाठ दिसतच नव्हती. त्याला फासळ्या दिसत होत्या आणि उजवीकडे, वरच्या अंगाला, तो पांढरा ठिपका. कित्येक महिने हे असंच चाललं होतं. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असली तरी हा दारातून एक्स-रे बघत बसायचा. या गोष्टीची त्याला लाज वाटायची आणि ती कुणाला सांगताही येत नव्हती.

"फिरूया का माघारी?" त्याने विचारलं.

बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता. मागे रेंगाळणाऱ्या मुलीला दाखवावं तसं तिने नुसतं वर बोट दाखवलं.

माथ्यावरच्या सपाट खडकावर पोचल्यावर ती पाय पसरून धपकन बसली. वारा सुटला होता. खाली गावावर कोवळं ऊन पडलं होतं आणि एवढ्याशा दिसणाऱ्या रस्त्यावरून एवढीशी बस चालली होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि ती धापा टाकत एकीकडे हसत होती.

त्याने कॅमेरा उचलला. "श्वास घ्..." इतकं तोंडातून गेलं आणि तो थांबला. एवढी मेहनत करून ती तेच तर घेत होती. त्याने गुपचूप खटका दाबला.

तिने कॅमेरा ओढून घेऊन फोटो पाहिला. "अय्या, हललाय! आणि तोंड बघा माझं. काढून टाका हा."

"असू दे."

"तुमच्याकडे हललेलं चालत नाही ना?"

"असू दे म्हटलं ना."

तिने खिशातून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. थोडा वेळ दोघंही गावाकडे बघत खात राहिले.

"एक सांगू?" ती म्हणाली. "माझा पहिला एक्स-रे काढलात त्या दिवशी तुम्ही मला 'सोडा' म्हणायचं विसरलात."

त्याची फोड हातातच राहिली.

"मी आपली छाती टेकवून, श्वास धरून उभी. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तरी काचेपलीकडून आवाज नाही. आयुष्यात कुणाला म्हणायचं विसरला नाहीत तुम्ही. पडद्यावर काहीतरी दिसलंय तुम्हाला, हे तेव्हाच समजले मी. डॉक्टरांनी नंतर सांगितलं."

त्याला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. इतके महिने आपण किती शिताफीने चेहरा सांभाळला, असं त्याला वाटत आलं होतं.

"उद्या नाही विसरणार," तो कसाबसा म्हणाला. "उद्या अगदी नीट..."

"उद्या तुम्ही नाही काढायचा."

"अगं, मी नाही तर मग कोण? ती नवीन मुलगी? तिला अजून..."

"तिला काढू दे. वाकडा आला तर परत काढेल." तिने संत्र्याच्या बिया हातावर घेऊन गवतात टाकल्या. "तुम्ही आत यायचंच नाही. बाहेर बाकावर बसायचं, माझी पर्स मांडीवर घेऊन. बाकीच्यांचे नवरे बसतात तसं."