चाटलेलं वासरू

सकाळी मालकिणीनं गोठा उघडला, तर गाय व्यायलेली. पण वासराजवळ तोंड नेऊन ती नुसती लाळ गाळत होती. मालकिणीनं नवऱ्याला गुरांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टरांनी गाईच्या तोंडात हात घातला. जीभ सुजून लाकडासारखी टणक झाली होती, आतल्या गाठी बोटांना खड्यांसारख्या लागत होत्या.

“काटेरी वैरणीनं जीभ सोलली की जंतू आत शिरतात,” ते म्हणाले. “औषधानं उतरेल, पण इतक्यात चाटायचं नाव नको. वासराला पुसून घेतलंत ते बरं केलंत, नाहीतर गारठून गेलं असतं.”

मालकिणीनं नवऱ्याकडे पाहिलं. “जायच्या आधी तुम्हीच पुसलंत ना?”

“मी? मला वाटलं तू.”

वासराच्या अंगावर केसांचे स्वच्छ, ओलसर भोवरे होते, जिभेनंच होतात तसे. गोठ्यात दुसरं जनावर नव्हतं. म्हातारी गाय मेल्यापासून पलीकडचा खुंटा रिकामाच होता.

तेवढ्यात वासरू धडपडत उठलं, त्या खुंट्यापाशी गेलं आणि त्यानं डोळे मिटून मान वर केली. तिघांच्या देखत त्याच्या गळ्यावरचे केस हळूहळू उलटे वळत गेले.