अप्पांचं ऊन

नऊ वाजले आणि गॅलरीवरच्या, ऊन हवं तिकडे वळवणाऱ्या काचेतल्या द्रवस्फटिकांनी उन्हाचा झोत आजही अप्पांच्या रिकाम्या खुर्चीवर वळवला. कुमुदिनीचे सांडगे चार दिवस सावलीत ओले ते ओलेच.

"अहो, सासरे जाऊन तीन महिने झाले! ते ऊन माझ्या सांडग्यांवर पाडा ना!" ती फोनवर कडाडली.

"पहिलं ऊन ज्येष्ठांना, असा नियम आहे, ताई," काचेच्या कंपनीतली मुलगी म्हणाली. "त्यांचं नाव काढलं, की झोत तुम्ही म्हणाल तिथे वळेल. काढू?"

कुमुदिनीने खुर्चीकडे पाहिलं. दरवर्षी त्याच खुर्चीत बसून अप्पा तिच्या सांडग्यांवरचे कावळे काठीने हाकलायचे.

तिने फोन आपटला, सांडग्यांचं ताट उचललं आणि खुर्चीत ठेवलं.

"घ्या! ऊन तुमचं, तर राखणही तुम्हीच करा."