पिलाचं पथ्य

कुत्र्याच्या पिलाची खाज काही केल्या थांबेना. डॉक्टर म्हणाले, "कोंबडीची अ‍ॅलर्जी दिसते. आठ आठवडे फक्त मासळी-भात, बाकी कणभरही नको. दर शनिवारी दाखवायला आणा."

तीन शनिवार गेले तरी फरक नाही. सुनेचा संशय सासऱ्यांवर.

"बाबा, तुम्हीच त्याला चोरून भरवता."

"अगं, माझ्या खिशात गोळ्यांशिवाय असतं काय?"

तरी बाबांची लेकीकडे रवानगी झाली. पिलू त्यांच्या रिकाम्या खुर्चीखाली बसून अंग ओरबाडत राहिलं.

आठव्या शनिवारी डॉक्टर वैतागले. "अजूनही घरातलंच कोणीतरी भरवतंय, लिहून ठेवा."

एवढं बोलून त्यांनी नेहमीप्रमाणे टेबलावरची बरणी उघडली आणि शहाण्यासारखं बसल्याबद्दल पिलाला कोंबडीचं बिस्किट दिलं.