वापरात असलेले अण्णा

घर शांत दिसावं म्हणून सुनेने इंटिरिअरवाली बोलावली होती. तिचा नियम एकच: सहा महिन्यांत वापरलं नाही, ते बाहेर. कपाट गेलं, घड्याळ गेलं. पांढऱ्या भिंतीपाशी उरली तिनेच शोभेला टांगलेली सुतळीची झालर आणि अण्णांची खुर्ची. खुर्चीवरची उशी त्यांच्या बायकोने शेवटच्या आजारपणात शिवलेली, म्हणून अण्णा सकाळपासून उठायला तयार नव्हते. खबरदारी म्हणून त्यांनी भिंतीला शोभेलसा फिकट सदराही घातला होता. “मी रोज वापरतो हिला,” ते घाईघाईने म्हणाले. “आणि तुम्हाला कोण वापरतं?” यादीवरून नजर न हटवता इंटिरिअरवालीने गंभीरपणे विचारलं. अण्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनेची हाक आली, “अण्णा, बरणीचं झाकण उघडत नाहीये हो!” अण्णा खुर्ची काखोटीला मारून धावले. झाकण आधीच सैल होतं. सून बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “तुमच्याशिवाय हे उघडलंच नसतं!”