याहून मोठं काडतूस

एल्क हरणावरचा नेम चुकला की ऑर्विल मोन्टानातल्या माझ्या दुकानात येतो, रायफलीला शिव्या घालतो आणि आणखी मोठ्या काडतुसाची रायफल मागतो. तीन वर्षांत ही तिसरी खेप. आहे त्या काडतुसाचाच धक्का याच्या खांद्याला सोसत नाही, पण ऐकेल तर शपथ.

शेवटी वैतागून मी त्याला दुकानामागच्या मैदानात नेलं आणि त्याच्या नकळत रायफलीत बिनदारूचं काडतूस भरलं.

त्यानं डोळे घट्ट मिटून चाप ओढला. नुसतं टक् झालं, तरी नळी वीतभर खाली गेली.

"बघितलंस? धक्का बसायच्या आधीच दचकतोस तू. लहान काडतूस घे बाबा."

त्यानं रायफल माझ्या हातात कोंबली.

"ही तर उडतसुद्धा नाही," तो म्हणाला. "याहून मोठी दाखव."