टांगेवाल्याचा आवाज

टांगेवाल्यानं पडद्यावर तोंड उघडलं अन् आवाज गेला.

भातकुलीत फिरत्या सिनेमाच्या तंबूत शिट्ट्यांचा नुसता कल्ला झाला. देवराव ऑपरेटरनं आवाजाच्या पेटीचं झाकण काढलं. आतला मोठा व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारखी काचेची नळी, बुडाशी डुगडुगत होता. काच धरून ठेवणारा मसालाच सुटला होता. लोक कुरकुरत घरी गेले. भोंग्याजवळ एकटी पार्बताबाई बसून राहिली. ती रोज तिथंच बसायची. पडद्यासमोर एवढी जागा रिकामी, पण ही बाई आपली भोंग्याला टेकून.

देवराव तिच्याच ओसरीत उतरला होता. दोन-तीन खेळ झाल्यावर तिनं सांगून टाकलं होतं, "मी काई शिनेमा पाहाले नाई येत, बापू. माह्या सूर्यभानले ऐकाले येतो." टांगेवाला चित्रात मिनिटभर येतो. रस्त्यावरच्या एका म्हातारीला म्हणतो, "बस आई, घरी नेतो तुला," आणि जातो. तेवढंच त्याचं काम. देवरावनं मनाशी ताडलं, पोरगं मुंबईला पळालेलं दिसते. पुढं काही विचारलं नाही. गडी खोदून विचारणाऱ्यातला नव्हताच.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या उस्माननं बुडात नवा मसाला भरून दिला. उस्मान रेडिओ दुरुस्त करायचा, आणि दम भरल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू देत नसे.

"सावलीत ठेव. उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नको," तो म्हणाला. "ऊन दाखवशील तर वरून पापडी धरते, अंदर गिल्ला तो गिल्लाच. मंग पेटवला का आतला ओलावा उकळते अन् सारं सुटते. घाई चालत नाई याले."

घाई तर देवरावच्या मानेवर बसलेली. उद्याचा खेळ शेवटचा. परवा सकाळच्या एस.टी.नं चित्राची पेटी अकोल्याला जायची होती. तिथं दुसरा तंबू तिची वाट पाहत होता. मालक भगवंतरावांनी बजावलं होतं, पेटी चुकली तर तुझी कायमची सुट्टी. देवरावनं व्हॉल्व्ह ओसरीतल्या कोनाड्यात ठेवला अन् पार्बताबाईला म्हणाला, "मावशी, हे वाळलं तरच उद्या आवाज." झालं. सावलीत वाळवायचं, एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं.

आता वऱ्हाडातला वैशाख, आणि बाईला म्हणावं वाळलं पाहिजे. ती दुसरं काय करणार? सकाळी देवराव तंबूच्या दोऱ्या आवळायला गेला. दुपारी परत येतो तर अंगणात बाजेवर कुरडया, आणि कुरडयांच्या मधोमध व्हॉल्व्ह. कावळा चोच मारील म्हणून म्हातारी काठी घेऊन बाजूला बसलेली, स्वतः भर उन्हात.

"पाह्य, कसा कडक झाला," ती म्हणाली. "फिरवून फिरवून वाळवला."

देवरावनं नखानं दाबून पाहिलं. वरून दगड, आत लोणी. त्याचं डोकं असं फिरलं की विचारू नका. पण तिचा घामानं भिजलेला चेहरा आणि त्याच्यावरचं ते हसू पाहून त्याच्यानं बोलवेना.

"मस्त झाला, मावशी," तो म्हणाला.

संध्याकाळी तंबू गच्च भरला. अर्धा खेळ आवाज खणखणीत होता. देवराव मशीनमागे आवाजाच्या पेटीवर नजर ठेवून उभा. मग पेटीतून करपल्याचा वास आला, खरखर झाली आणि आवाज बसला. टांगा यायला थोडकंच राहिलं होतं. शेवटचा खेळ म्हणून लोकांनी चित्र मुकंच पाहून घेतलं. टांगेवाला आला, ओठ हलवले आणि गेला. पार्बताबाई भोंग्याला कान लावून तशीच बसली होती.

सकाळी एस.टी. येऊन उभी राहिली. कंडक्टरनं चित्राची पेटी टपावर चढवायला लावली. पार्बताबाई वाटेसाठी भाकर बांधून घेऊन आली. देवरावला फार वाईट वाटत होतं, तिच्याकडं मान वर करून बघवत नव्हतं.

"आवाज गेला मावशी, पण पोराचा चेहरा तर दिसला ना," तो कसाबसा म्हणाला.

"चेहरा?" पार्बताबाई त्याच्याकडं पाहतच राहिली. "थो कोण कुठचा टांगेवाला, बापू, मी काय ओळखतो त्याले? माहा सूर्यभान पूर्णेच्या पुरात गेला, मागच्या सालच्या मागच्या साली. फोटो नाई, काई नाई. याचा आवाज तेवढा हुबेहूब त्याचा हाये. असाच म्हने थो मले, बस माय, घरी नेतो."

देवरावनं भाकरीचं गाठोडं घेतलं. कंडक्टरनं घंटी मारली. भगवंतरावांची कायमची सुट्टी देवरावला आठवली. आठवली तर आठवली.

"थांबा," तो कंडक्टरला म्हणाला. "पेटी खाली उतरवा. मी एकटाच येतो, अमरावतीपर्यंत. उस्मानकडं व्हॉल्व्हचं काम हाये."

"अन् अकोला? तिकडं खेळ नाई का आज?"

"अकोला थांबन," देवराव म्हणाला. "मसाला सावलीत वाळू द्यावा लागते."