ललितच्या गाडीचा आवाज

दिवेलागण झाली तरी ललितची जुनी स्पोर्ट्स कार काही चालू होईना, तसा योगिनीचा जीव टांगणीला लागला. सासूबाईंना, सगुणाबाईंना आता दिसत नव्हतं. लेकाशी त्यांचा कित्येक दिवसांचा अबोला होता, तरी तो घोटीच्या कामावरून परतल्याचा, त्या गाडीचा आवाज कानावर पडल्याशिवाय त्या ताटावर बसत नसत.

केरू मिस्त्रीने प्लग काढला. तो पेट्रोलने ओलाचिंब होता.

"वहिनी, फ्युएल इंजेक्शनची गाडी हाय ही. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं की पेट्रोल असं आतच साचतं. रोज कोण करतंय हे?"

"हळू बोला!" योगिनी कुजबुजली. ललित गाडी इथेच टाकून घर सोडून गेल्यापासून रोज संध्याकाळी तीच गाडी चालू करायची आणि लगेच बंद करायची.

मिस्त्रीने सगळे प्लग काढून, पुसून बसवले, ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबून धरला आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि एकदाचं गुरगुरलं.

योगिनी धावतच आत गेली. "आई, चला, ताट वाढते. हे आले."

सगुणाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"उद्यापासून त्या गाडीला छळू नकोस, बाई. तो घर सोडून गेलाय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण मी जेवल्याशिवाय तू तोंडात घास घालत नाहीस, म्हणून बसत होते ताटावर."